त्वचारोगाच्या अभ्यासासाठी अ‍ॅनिमल मॉडेल कसे निवडावे आणि कसे राबवावे

जळगाव-धुळे-नंदुरबार भागात एम. फार्म.च्या (औषधनिर्माणशास्त्रातील पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधाचा विषय ठरवताना, प्राणिगृहात रॅट (मोठे उंदीर) उपलब्ध आहेत म्हणून जखम भरण्याचा प्रयोग घ्यावा, असा विचार सहज केला जातो. क्रम याच्या उलट हवा. आपले औषध आजाराच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर काम करणार आहे, हे आधी एका वाक्यात लिहावे आणि तो टप्पा कोणत्या प्राण्यात पाहता येईल ते मग शोधावे; असा प्राणी आणि त्यात घडवलेला आजार म्हणजेच अ‍ॅनिमल मॉडेल. कारण माणसाचा त्वचारोग कोणत्याही प्राण्यात जसाच्या तसा उतरत नाही.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. बांधावरच्या गाजर गवतामुळे शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर उठणारे इसब ही उशिरा उमटणारी अ‍ॅलर्जी आहे. तिच्या अभ्यासासाठी गिनीपिग किंवा माउसच्या (लहान उंदराच्या) त्वचेला आधी त्या पदार्थाची ओळख करून द्यावी लागते, आणि काही दिवसांनी तोच पदार्थ माउसच्या कानावर अथवा गिनीपिगच्या पाठीवर पुन्हा लावून २४ व ४८ तासांनी प्रतिक्रिया पाहावी लागते. पहिल्याच दिवशी दाहक रसायनाने आलेली सूज ही अ‍ॅलर्जी नव्हे. गजकर्णाच्या बुरशीसाठीही गिनीपिगच सोयीचा ठरतो. कुष्ठरोगाचा जिवाणू मात्र कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. तो १९६० मध्ये माउसच्या तुलनेने थंड अशा तळपायात वाढवता आला आणि १९७१ मध्ये आर्माडिलो या कवचधारी प्राण्यातही रोग निर्माण करता आला. तथापि या जिवाणूला दुप्पट होण्यासच सुमारे १२ ते १४ दिवस लागत असल्याने एम. फार्म.च्या मुदतीत हा विषय बसवण्याचा हट्ट धरू नये.

सोरायसिससाठी (त्वचा लाल व जाड होऊन कोंडा सुटणाऱ्या जुनाट आजारासाठी) सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत इमिक्विमोड या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधाची आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत बाल्ब-सी जातीच्या माउसच्या केस काढलेल्या पाठीवर ५ टक्के क्रीम रोज ६२.५ मिलिग्रॅम या प्रमाणात ५ ते ६ दिवस लावतात. दोन-तीन दिवसांत लाली व कोंडा दिसू लागतो आणि त्वचा जाड होते. प्रत्येक लक्षणाला ० ते ४ असे गुण देऊन एकूण १२ पैकी बेरीज करतात. या दाहामागे इंटरल्युकिन-२३ आणि इंटरल्युकिन-१७ या प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहक प्रथिनांची साखळी असल्याने तिच्यावर काम करणाऱ्या औषधासाठी मॉडेल योग्य आहे, परंतु सोरायसिसचा वर्षानुवर्षे चालणारा जुनाटपणा त्यात नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे. क्रीमच्या मूळ द्रव्यातील (ज्यात औषध मिसळतात त्या आधारातील) आयसोस्टिअरिक आम्लही स्वतः दाह निर्माण करू शकते, म्हणून इमिक्विमोडविरहित क्रीम लावलेला गट, आपल्या औषधाचे केवळ मूळ द्रव्य लावलेला गट आणि क्लोबेटासोल या स्टेरॉइडसारखे प्रस्थापित औषध दिलेला गट हे तिन्ही ठेवावेत. वनौषधींच्या मलमांवरील कामात नेमका मधला गट गाळला जातो आणि मग गुण औषधाचा की मलमाच्या स्निग्धतेचा, हे कोणालाच सांगता येत नाही. प्राणी क्रीम चाटतात, वजन घटते, शरीरातील पाणी कमी होते. त्यामुळे वजन रोज नोंदवावे आणि किती घट झाल्यास प्राण्याला प्रयोगातून बाहेर काढायचे, ती मर्यादा आधीच ठरवावी.

जखमेचाच प्रयोग करायचा असेल, तर रॅट-माउसच्या त्वचेखालील स्नायूचा पातळ थर जखम आकसून बंद करतो, माणसात मात्र नव्या ऊतीची भर मोठी असते, याचे भान ठेवावे. जखमेभोवती सिलिकॉनची कडी टाक्यांनी बसवल्यास हे आकसणे बरेच रोखता येते. डुकराची त्वचा माणसाच्या अधिक जवळची आहे, पण खर्च आणि परवानगी या दोन्ही बाबतींत ती आपल्या आवाक्याबाहेर जाते.

परवानगीचा अर्ज, म्हणजे ‘ब’ नमुना, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे प्राणी खरेदीच्या आधी मंजूर झाला पाहिजे. सौंदर्यप्रसाधनाची चाचणी असेल, तर २०१४ पासून भारतात ती प्राण्यांवर करताच येत नाही.

आता खानदेशापुरती महत्त्वाची गोष्ट. प्राणिगृहात १८ ते २९ अंश तापमान आणि ३० ते ७० टक्के आर्द्रता अपेक्षित असते, तर एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा ४४-४५ अंशांवर आणि हवा कोरडी ठणठणीत. कोरड्या हवेत त्वचेतून होणारा पाण्याचा ऱ्हास बदलतो, रॅटच्या पिलांच्या शेपटीवर वळ्यांसारखे आकुंचन पडू शकते; उलट कूलर लावला की आर्द्रता एकदम चढते आणि वीज गेली की दोन्ही आकडे ढळतात. म्हणून, शक्य असल्यास, त्वचेचा प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यावा, तापमान व आर्द्रता दिवसातून दोनदा नोंदवावी, आणि सर्व गट एकाच वेळी चालवावेत. एक गट हिवाळ्यात व दुसरा उन्हाळ्यात घेऊन केलेली तुलना ग्राह्य धरू नये.

माउसच्या साधारण ७ ते ९ आठवड्यांच्या माद्या घ्याव्यात, कारण नर एकमेकांना चावून पाठ खराब करतात आणि या वयात पाठीवरील केसांची वाढ विश्रांतीच्या टप्प्यात असते. वाढीच्या टप्प्यात त्वचा आपोआप जाड होते. केस काढण्याची क्रीम वापरल्यास निदान २४ तास थांबावे. गुण देणाऱ्यास गटांची नावे माहीत नसावीत. शेवटी त्वचेचा तुकडा जाड कागदावर सपाट पसरून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा आणि छेद केसांच्या दिशेला समांतर घ्यावा, कारण तिरक्या छेदात निरोगी त्वचाही जाड दिसते.