परदेशात दोन महिने जायचंय आणि घरी कुत्रा-मांजर आहे? मग माणूस असा शोधा

लेक टोरंटोला, त्यामुळे दर एक-दोन वर्षांनी माझी दोन-अडीच महिन्यांची वारी ठरलेली. मुलुंडच्या घरात मागे राहतात राणी, म्हणजे आमची अकरा वर्षांची गावठी कुत्री, आणि ढोल्या, सहा किलोचा बोका. आत्तापर्यंत पाच वेळा घर आणि ही दोघं दुसऱ्याच्या हवाली करून गेलेय, आणि त्यातल्या पहिल्या वेळी इतकी तोंडावर आपटलेय की आता कुणी "अगं त्यात काय, कामवालीला सांग ना दोनदा येऊन खायला घालायला" असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. शनिवार-रविवार लोणावळ्याला जायचं असेल आणि घरी फक्त मांजर असेल तर सांगा कामवालीला. दोन महिन्यांसाठी घरात मुक्कामाला माणूसच लागतो. बोर्डिंगही चार-पाच दिवसांना ठीक, पण म्हातारी कुत्री दोन महिने पिंजऱ्यात मी तरी ठेवणार नाही, आणि मांजराला तर माणसापेक्षा जागेची ओढ जास्त, त्याला घरातून उचललंत की तिथेच अर्धं काम बिघडलं.

तिकीट काढायच्या आधी शोध सुरू करा, किमान तीन महिने आधी.

माणूस कुठे मिळतो? परदेशात म्हणे फुकट राहायला मिळतं म्हणून लोक आनंदाने दुसऱ्याची घरं सांभाळायला येतात, त्याच्या वेबसाइट्स आहेत. आपल्याकडे ते तेवढं रुळलेलं नाही, पण मुंबईत एक गोष्ट कायम तुमच्या बाजूने असते, ती म्हणजे जागा. वन रूम किचनमध्ये सासू-सासरे, दीर सगळ्यांबरोबर राहणारं नवं जोडपं, तिघींच्या खोलीत पीजी म्हणून राहणारी नर्स, घरून काम करणारा पण घरात कोपरा नसलेला मुलगा, अशा लोकांना दोन महिने मोकळा फ्लॅट म्हणजे लॉटरी असते. आत्ता माझ्याकडे राणी-ढोल्याला सांभाळायला येणारी मुलगी अशीच मिळाली, व्हेटच्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या, कंपाउंडरच्या ओळखीतून. व्हेटकडे विचारा, रोज रात्री गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालणारे असतात त्यांना विचारा, नात्यात विचारा. पैसे मात्र द्याच. "राहायला मिळतंय ना" म्हणून फुकटात उरकू नका, कारण फुकट राहणाऱ्याला पावसात भिजत कुत्रं फिरवायला लावायची सोय राहत नाही.

भेटायला आल्यावर "मला प्राणी खूप आवडतात" हे वाक्य ऐकलंत की सोडून द्या, ते सगळेच म्हणतात. मी एकच विचारते, तुमच्याकडचं जनावर शेवटचं आजारी पडलं तेव्हा तुमच्या लक्षात कसं आलं? ज्याला सांगता येतं की "नेहमी दारात येऊन बसायची, त्या दिवशी आली नाही", तो माणूस बघतो. ज्याला फक्त "मग डॉक्टरकडे नेलं" एवढंच आठवतं, त्याला चहा पाजून वाटेला लावा. बाकी आधार कार्डाची कॉपी, घरच्या दोघांचे नंबर, आधी कुठे राहिलाय तिथे एक फोन, हे सगळे करतातच.

आता खरी गोष्ट, तालीम, म्हणजे तुम्ही निघायच्या आधी त्या माणसाला एकट्याने घरात राहायला लावून बघणं. हीच पायरी लोक गाळतात आणि हीच मीही गाळली होती. पहिल्या वेळी मुलगा चांगला होता, प्रामाणिक होता, तीन संध्याकाळी घरी येऊन गेला, राणी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, ढोल्यानेही वास घेतला, मला वाटलं झालं. मी टोरंटोला पोचले, रोज फोटो यायचे, ढोल्याचा बाऊल रिकामा, मेसेज "सगळं ओके आंटी". चौथ्या दिवशी शेजारच्या काकू सहज डोकावल्या तर ढोल्या लॉफ्टवर सुटकेसच्या मागे जाऊन बसलेला, आणि त्याचं सगळं खाणं चार दिवस राणी चापत होती! मुलगा खोटं बोललाच नव्हता, बाऊल खरंच रिकामा होता. मांजर, त्यातून जाडं मांजर, दोन-तीन दिवस काही खात नसेल तर शरीरातली चरबी लिव्हरमध्ये साचायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नळीने खायला घालून तो वाचला, पण ते दहा दिवस मी लेकीकडे नुसती फोन धरून बसले होते, नातवाकडेही धड बघितलं नाही.

त्यामुळे माझं ठाम मत, निघायच्या महिनाभर आधी माणसाला दोन पूर्ण रात्री घरात ठेवा आणि तुम्ही खरंच बाहेर जा. खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे जाऊन बसणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे, कुत्र्याला लिफ्टच्या आवाजावरून कळतं. पुण्याला जा, अलिबागला जा, कुठेही जा. एक रात्र का चालत नाही? पहिल्या दिवशी मांजर लपतंच आणि कुत्रं दाराशी बसतंच, त्यावरून काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी माणसाची आणि जनावराची खरी घडी दिसते. आणि मधे फोन करू नका, फार अवघड जातं, माहितेय, पण करू नका. फोन केलात की तुम्ही सूचना देता, आणि तुमच्या सूचनेशिवाय तो काय करतो तेच तर बघायचंय.

परत आल्यावर "कसे होते दोघं?" असं विचारायचं नाही, उत्तर "छान" येतं. विचारायचं, ढोल्याने कुठे बसून खाल्लं, शी किती वेळा केली आणि कशी होती, राणीने जिना चढताना पाय कुठला उचलला. मागच्या खेपेच्या एका बाईंना यातलं काहीच सांगता येईना, शिवाय बेडरूमच्या खिडकीची जाळी सरकवलेली राहिलेली, आमचा सातवा मजला. जाळी कबुतरांसाठी असते असा त्यांचा समज. मी त्यांना तालमीचे पैसे दिले आणि नमस्कार केला. वाईट वाटलं, तिकीट दीड महिन्यावर आलं होतं, पण तालीम नापास तर नापास, "तोपर्यंत शिकतील" हा मोह आवरा. म्हणूनच तालीम महिनाभर तरी आधी हवी, दुसरा माणूस शोधायला हातात दिवस उरतात.

घरात एकापेक्षा जास्त जनावरं असतील तर खाणं बंद दाराआड, वेगवेगळं. रिकाम्या बाऊलचे फोटो मी घेतच नाही आता, खातानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ आणि मांजराच्या लिटर बॉक्सचा, म्हणजे शी-शूच्या पेटीचा फोटो, एवढंच. लेक म्हणते आई सकाळी सकाळी हे काय बघतेस. बघते!

कागदांचं एवढंच की सोसायटीला सेक्रेटरीच्या नावाने पत्र द्या, कोण राहणार, कधीपासून कधीपर्यंत, आणि वॉचमनशी समोरासमोर ओळख करून द्या, नाहीतर पहिल्याच दिवशी गेटवर अडवतील. लिफ्टमधून कुत्रं नेऊ नका असं कुणी नव्या माणसाला सुनावलंच तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं पत्रक आहे, पाळीव कुत्र्याला लिफ्टची बंदी करता येत नाही, त्याची प्रिंट मी फ्रिजवर लावून जाते. महापालिकेचं कुत्र्याचं लायसन्स आणि रेबीजच्या लशीचं कार्ड तिथेच.

व्हेटचं मात्र नीट ठरवा. मुंबईत दुपारचे १२ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात टोरंटोला रात्रीचे अडीच वाजलेले असतात, तुम्ही फोन उचलणार नाही. म्हणून मी आमच्या डॉक्टरांना लेखी देऊन जाते की अमुक रकमेपर्यंत मला न विचारता करा, आणि भूल द्यायची वेळ आली तर निर्णय माझा भाऊ घेईल, त्याचा नंबर हा. सांभाळणाऱ्या मुलीकडे दहा हजार वेगळे ठेवते. जवळच्या दवाखान्याशिवाय मोठं हॉस्पिटल कुठलं तेही लिहून ठेवा, परळचं बैलघोडा हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून आहे, टॅक्सीवाल्याला त्याच नावाने कळतं, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू झालंय. मुलुंडहून दोन्ही लांबच, त्यामुळे कुत्र्याला घेणारी टॅक्सी कुठली ते आधीच ठरलेलं हवं.

घराचं सोपं असतं. गॅसची मेन कॉक कुठली, पाणी किती वाजता येतं, विजेचं बिल ऑटो पेला. तुमचा इथला नंबर रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येत नाहीत आणि सगळी बिलं अडकतात. मी बहुतेक मे ते जुलै जाते म्हणजे अर्धा पावसाळा येतोच, तेव्हा कुठल्या खिडकीतून पाणी आत येतं, कपाटाला बुरशी येऊ नये म्हणून कधी उघडायचं, आणि फिरवून आणल्यावर राणीच्या बोटांमधले गोचीड कसे बघायचे, हे हाताने करून दाखवा, लिहून देऊन भागत नाही.

परत आल्याच्या दिवशी त्या मुलीला घरी पाठवू नका. एक रात्र जास्तीची धरून पैसे द्या. तुम्ही दुपारी चारला आडव्या होणार त्या थेट मध्यरात्री उठणार, आणि राणीला सहाला खाली जायचं असतं.