काटा मारायचा नसेल तर

आमच्या नगर जिल्ह्यात चार ऊसकरी बसले की काटामारीचा, म्हणजे साखर कारखाना उसाचं वजन कमी दाखवतो याचा, विषय निघतोच. माझ्या दुकानाच्या बाकड्यावरही निघतो. मी गूळ जोखत ऐकत असतो आणि मनात म्हणतो, कारखान्याचा काटा राहू दे, आपला काय दाखवतोय ते बघ. परवा उपासनेनंतर मंडळीतल्या एका पोरानं विचारलं, "काका, मी किराणा टाकतोय. खरेपणानं जमतं का हो?" त्याला चर्चच्या पायरीवर जे सांगितलं, तेच इथं लिहितो.

काट्यापासून सुरुवात कर. सकाळी दुकान उघडलं की आधी ताटली पूस; रात्रीची साखर आणि तेलाचा ओशट थर कडेला धरून बसतो. फळी डुगडुगत नाही ना, बघ. काट्याला लेव्हलचा बुडबुडा असेल तर तो मधोमध आण. पंखा थेट डोक्यावर नको, पन्नास ग्रॅम जिरं ठेवलं की आकडा नाचायला लागतो. मग शिक्क्याचं एक किलोचं वजन ठेव. बरोबर किलो दाखवलं की मगच पहिलं गिऱ्हाईक. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी सरकारच्या वैधमापन खात्याकडून दर वर्षी करून घ्यावी लागते. त्याचं प्रमाणपत्र समोर लाव, आणि आकडा गिऱ्हाईकालाही दिसू दे.

पिशवी, डबा, जे काही असेल ते आधी ठेवून काटा शून्य करायचा. पेढ्याचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका माझ्याकडे ४५ ग्रॅम भरला. अर्धा किलो पेढ्यात तो धरला तर गिऱ्हाईक पेढ्याच्या भावानं पुठ्ठा नेतं.

आमच्या आण्णांच्या वेळी तागडी होती. एक पारडं हलकं पडायचं म्हणून त्याला पासंग बांधलेला असायचा, आणि लबाडी तिथंच शिरायची. पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवणारेही होते. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवू नको म्हटलंय, एक मोठं, एक लहान. मूळ इब्रीत, म्हणजे हिब्रूत, वजनाला शब्दच दगड असा आहे. आण्णांना हे पाळकसाहेबांनी सांगितलं, तेव्हा ते पासंगाकडे बघून हसले होते.

ही दोन वजनं आजही आहेत. गावातल्या बाया दुकानात मूठ-पसा तूर, बाजरी, अंडी घेऊन येतात आणि बदल्यात चहा-साखर नेतात. धान्य घेताना माप शिगेपर्यंत भरून घ्यायचं आणि देताना हात फिरवून सपाट द्यायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उपाय सोपा आहे: घेणं आणि देणं एकाच काट्यावर, किलोनं. भावही एकच. शाळेतल्या सरांना एक भाव आणि वाचता न येणाऱ्या मावशीला दुसरा, हीसुद्धा दोन वजनंच की.

दहा ग्रॅमनं काय होतंय, असं वाटेल. हिशोब मांड. दिवसाला साठ किलो सुटा माल जोखलास आणि किलोमागं दहा ग्रॅम मारलेस, तर रोजचे सहाशे ग्रॅम होतात. वर्षाचे २१९ किलो. पन्नास किलोची चार पोती साखर घरात ओढून आणल्यासारखंच ते, फक्त पाठ दुखत नाही.

मीही मारलेत. १९९४ च्या दिवाळीत गर्दी होती. ढेपेखालचं ओलं गोणपाट काढायचा कंटाळा केला आणि तसाच गूळ जोखून दिला. एका म्हाताऱ्या आजीचा गूळ घरी जाऊन दीडशे ग्रॅम कमी भरला. ती परत आली आणि भांडली नाही, नुसती पिशवी पुढं ठेवून उभी राहिली. आण्णांनी मला सहाशे ग्रॅम द्यायला लावले. "जक्कय चौपट म्हणाला होता," एवढंच बोलले. जक्कय म्हणजे बायबलातला जकातदार; फसवून घेतलेलं चौपट परत करीन, असं तो येशूला म्हणाला होता. तो गूळ जोखताना माझे कान गरम झाले होते, ते अजून आठवतं.

मालाचं म्हणशील, तर पोत्याच्या तळाची कणी आणि धूळ चांगल्यात मिसळू नकोस. बायबलात आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात व्यापारी गव्हाचा भुसाही विकायला बघतात, तेच हे. तळाचा माल वेगळ्या डब्यात ठेव, वर "जुना" लिही, भाव उतरव. कोंबड्यांसाठी नेणारे नेतात. डाळ शिजेल का विचारलं तर होय किंवा नाही म्हण. "शिजंल की" हे उत्तर नव्हे.

टेम्पो खाली करणाऱ्या हमालाचे पैसे त्याच संध्याकाळी दे. लेवीय या पुस्तकात मजुरी रात्रभर ठेवू नको असं आहे, आणि हमालाला ते वाचून दाखवावं लागत नाही. सुट्ट्याऐवजी चॉकलेट नको. दोन रुपये जमा म्हणून लिहून ठेव.

उधारीची वही गिऱ्हाईकासमोर लिही आणि लिहिलेलं मोठ्यानं वाच. मोबाईलवर फोटो काढू दे. शनिवारी रात्री मी वही आणि मोबाईलवर आलेले पैसे ताडून बघतो. कुणाचे जास्त आले असतील तर रविवारी चर्चला जाण्याआधी परत. मत्तयाच्या पाचव्यात वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय, मी ते असं पाळतो. आपली चूक होती तर वर पाचवा हिस्सा घालायचा, बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तसं आहे. आण्णांचं चौपट मला झेपत नाही, खरं सांगतो.

गल्ल्यात एक पाकीट तीन वर्षं पडून आहे. एका ताईंच्या वहीत मी १४० रुपये दोनदा लावले होते, सापडेपर्यंत त्या पुण्याला गेल्या होत्या. वर २८ घालून १६८ ठेवलेत. फोन लागत नाही. बायको म्हणते, दानपेटीत टाका. मी म्हणतो, दुसऱ्याच्या पैशाचं दान माझ्या नावावर कसं लागेल? तिनं शास्त्र उघडून गणनेच्या त्याच अध्यायातली पुढची ओळ दाखवली: घ्यायला नातलगच नसेल तर ते देवाचं, याजकाला द्यावं. पण गेल्या आठवड्यात कळलं, ताईंचा भाचा राहुरीला असतो. गुरुवारी माल आणायला तिकडंच जायचंय.