केकोवात पहिल्यांदा कयाक: भरती नव्हे, वारा बघा

कोकणात पाण्यात उतरण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहिली जाते. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरांहून जास्त चढतं. तुर्कस्तानच्या भूमध्य किनाऱ्यावर मात्र हा फरक जेमतेम वीत-दोन वीत असतो, त्यामुळे दिवस ठरतो तो वाऱ्यावर.

काश आणि देमरे यांच्यामधल्या उचाआझ गावातून गाइडसोबत निघणारी कयाकची, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीची, फेरी नवख्यांसाठी उत्तम. समोरचं केकोवा बेट सात किलोमीटरांहून लांब आहे आणि खुल्या समुद्राच्या लाटा तेच अडवतं. उन्हाळ्यात सकाळी पाणी सपाट असतं, दुपारी बहुधा पश्चिमेकडून वारा सुटतो. नेहमीचा मार्ग म्हणजे उचाआझहून बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, तिथून कालेकोय गाव आणि परत उचाआझ. हा शेवटचा टप्पा पश्चिमेकडे, म्हणजे नेमका वाऱ्याच्या तोंडावर. म्हणून नऊच्या आसपास निघा आणि निम्मा दम परतीसाठी राखा. परतीला मोटरबोट ओढून नेते का, हे बुकिंग करतानाच विचारा. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर घ्या. जुलै-ऑगस्टमधलं ऊन वल्हवण्यापेक्षा जास्त थकवतं.

माणशी दोन लिटर पाणी, लांब बाह्यांचा पटकन सुकणारा शर्ट, दोरीची टोपी, दोरीचा चष्मा, ओले चालतील असे बूट. मोबाइल ड्राय बॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत), आणि बॅगेचं तोंड किमान तीन घड्या घालून बंद. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर सोबत्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे.

नवख्यांना बहुधा दोघांची कयाक देतात. मागचा पायांच्या पेडलनी सुकाणू सांभाळतो, पुढचा लय ठरवतो. मागच्याने पुढच्याची लय धरली नाही की वल्ही एकमेकांवर आपटतात. पाय टेकून गुडघे किंचित वाकलेले हवेत. वल्ह्याचा मधला भाग डोक्यावर टेकवून धरा. दोन्ही कोपरं काटकोनात आली की पकड बरोबर. पात्याची खोलगट बाजू स्वतःकडे. पातं पायाच्या बोटांपाशी पूर्ण बुडवा, कंबरेपाशी बाहेर काढा, आणि ओढ पोट-पाठीच्या वळण्यातून येऊ द्या. नुसत्या हातांनी ओढलं तर तासाभरात खांदे भरतात. दांडा आवळून धरला तर मनगटं दुखतात. बोटं सैल ठेवा.

वारा बाजूने लागला की कयाक आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवते. एकाच बाजूने जोर लावत बसण्यापेक्षा सुकाणू थोडं वळवा. पर्यटकांच्या बोटीची लाट आली तर पुढचं टोक तिच्याकडे करा आणि वल्हवत राहा. थांबून वल्हं वर उचललं की तोल जातो, कारण पाण्यातलं वल्हं हाच आधार असतो. वारा असताना कड्याला चिकटून जाऊ नका. आपटून परतणाऱ्या लाटांनी तिथे पाणी उकळल्यासारखं होतं.

उलटलात तर वल्हं आणि कयाक दोन्ही सोडू नका. आतल्या बंद कप्प्यांमुळे ती तरंगतेच. पोहत किनारा गाठायचा मोह मात्र टाळा. कमरेभोवती स्कर्ट (आत पाणी येऊ नये म्हणून बैठकीच्या तोंडावर ताणून बसवलेलं कापड) असेल तर त्याची ओढायची पट्टी पुढे आणि मग वर ओढली की तो सुटतो. पट्टी आत दुमडलेली नाही ना, हे निघतानाच बघा. गाइड आपली कयाक शेजारी लावून तुमची घट्ट धरेल. मग पाय मारत पोटावर चढा, नंतर वळून बसा, एका वेळी एकच जण. आतलं पाणी पंपाने काढायचं.

बेटाच्या उत्तर कडेला भूकंपांनी बुडालेल्या वस्तीच्या पायऱ्या आणि भिंती दिसतात. 1990 पासून हा परिसर संरक्षित आहे. अवशेषांवर पोहणं, डुबकी मारणं बंद. कयाकमधून मात्र सावकाश पाहता येतं, आणि खरं तर याच कारणासाठी इथे बोटीपेक्षा कयाक बरी. कालेकोयला पाण्यात उभी असलेली लिशियन (या किनाऱ्यावरच्या प्राचीन लोकांची) कबरही जवळून दिसते. तिथे उतरताना आधी खडक बघा: समुद्री साळिंदराचे (सी अर्चिन या काटेरी जीवाचे) काटे पायात मोडले की उरलेला दिवस ते काढण्यात जातो.