रॉकेटगाडीचा धडा वर्गात कसा घ्यावा

जिंतूरला आठवीच्या वर्गात मी तो असा घेते. खेळण्यातल्या गाडीवर ओल्या मातीची बाहुली बसवा, उतारावरून सोडा, पुढे वीट ठेवा. बाहुली तोंडावर आपटते. आता तिला सुतळीने आवळून बांधा, पुन्हा सोडा. मातीत रुतलेला सुतळीचा वळ पोरांना जवळून बघू द्या. इथं घाई नको.

मगच अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप सांगा. 10 डिसेंबर 1954, न्यू मेक्सिकोतला हॉलोमन हवाई तळ. ताशी सुमारे 1,017 किलोमीटर वेगातली रॉकेटगाडी, म्हणजे रुळांवरून रॉकेटने ढकललेली गाडी, 1.4 सेकंदांत थांबली. 46.2 जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 46.2 पट झटका त्यांनी गाडीत बसून स्वतःच्या अंगावर घेतला! डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेना. फळ्यावर मांडा: सोयाबीनचा 60 किलोचा कट्टा त्या क्षणी पावणेतीन टनांवर भरेल.

बाहुली पाठमोरीही बसवून बघा. पाठीला टेकू असला की झटका जास्त सोसतो, हे स्टॅप यांनीच आधी केलेल्या चाचण्यांत दिसलं होतं.