गाजरगवतावर मेक्सिकन भुंगे कसे सोडायचे

पाऊस पडला की पंधरा दिवसांत बांध, रस्त्याच्या कडा, रिकामे प्लॉट, शाळेचं मैदान सगळीकडे गाजरगवत उठतं आणि आपण दरवर्षी तेच करतो, पांढरी फुलं दिसल्यावर जाग येते, मग विळा घेऊन कापायला जातो, बुडखा जमिनीत तसाच राहतो आणि त्यातून परत फांद्या फुटतात. तोवर बी गळून गेलेलं असतं. एका चांगल्या पोसलेल्या झाडाला १५ ते २५ हजार बी लागतं, त्यामुळे नुसत्या विळ्याने हे आटोक्यात येणार नाही हे आता मान्य करू या.

हे गवत मूळचं मेक्सिको आणि त्या बाजूच्या उष्ण अमेरिकेतलं. आपल्याकडे १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते लोकांच्या नजरेत आलं, अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं मानतात. अडचण अशी की गवत आलं पण तिकडे त्याला खाणारे किडे काही सोबत आले नाहीत, आणि आपली गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून १९८३ साली बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकोलोराटा नावाचा भुंगा आणला, आधी तपासण्या केल्या आणि १९८४ पासून तो सोडायला सुरुवात झाली. पद्धत काही नवीन नव्हती, फड्या निवडुंगावर १९२६ साली श्रीलंकेतून कोचिनील कीड आणून दक्षिण भारतात असंच काम केलेलं होतं. (बाहेरून किडे आणणं हे सरकारी संस्थांचंच काम, परवानगी आणि तपासणीशिवाय कुणीही कुठलाही परदेशी किडा आणायचा नाही. हा भुंगा आता आपल्याकडे रुळलेला आहे म्हणून एका गावातून दुसऱ्या गावात नेता येतो.)

आधी भुंगा ओळखायला शिका कारण इथेच जास्त घोळ होतो. तुरीच्या दाण्याएवढा असतो, रंग मळकट पांढरा आणि पाठीवर गडद तपकिरी उभ्या वाकड्यातिकड्या रेघा. ठिपके दिसले तर तो हा नाही. वांग्यावर येणारा तांबूस, काळ्या ठिपक्यांचा भुंगेरा वेगळा, तो चुकून गोळा करून सोडू नका आणि ठिपकेवाले लेडीबर्ड तर मावा खाणारे आपले मित्र किडे आहेत त्यांनाही हात लावू नका. झाड हलवलं की आपला भुंगा पटकन खाली पडतो. पानाची खालची बाजू बघितली तर पिवळसर-केशरी बारीक लांबट अंडी दिसतात, आणि शेंड्याच्या बेचक्यात पिवळट अळ्या. खरं काम या अळ्या करतात, त्या आधी शेंडा आणि कोवळ्या कळ्या खातात म्हणजे फुलच धरत नाही, मग पानं खाऊन नुसत्या शिरा ठेवतात.

भुंगे मिळवायचे कुठून? जुलै-ऑगस्टमध्ये आजूबाजूच्या गावात फिरा, जिथे गाजरगवताच्या पानांना भोकं पडलेली किंवा झाडं खराट्यासारखी झालेली दिसतील तिथे भुंगे असणारच. नाही सापडले तर परभणीचं कृषी विद्यापीठ हे भुंगे तयार करतं आणि जबलपूरची तण संशोधन संस्थाही यावर बरीच वर्षं काम करतेय, तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, ते बरोबर रस्ता दाखवतील.

गोळा करायला सकाळी लवकर जा, उन्हं चढायच्या आत. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला रुमाल हे पाहिजेच कारण या गवताने अंगाला खाज सुटते, काहींना दमाही उठतो, आणि ज्याला एकदा ॲलर्जी झाली त्याने स्वतः जाऊच नये, दुसऱ्याला पाठवावं. झाडाखाली उलटी छत्री धरायची आणि शेंडे हळूच झटकायचे, भुंगे छत्रीत पडतात. मग झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत भरा, आत गाजरगवताचे दोन-चार कोवळे शेंडे टाका, बरणीत पाणी साचू देऊ नका. फार ठासून भरू नका. आणि बरणी उन्हात उभ्या गाडीत ठेवून चहाला जायचं नाही, तापून सगळे मरतात. शक्यतो त्याच दिवशी सोडा.

साधारण शिफारस हेक्टरी ५०० भुंग्यांची आहे. पण ५०० भुंगे पूर्ण हेक्टरभर उधळत बसू नका, एकाच दाट, हिरव्यागार पट्ट्यात सोडा म्हणजे त्यांच्या जोड्या जुळतात आणि अंडी एका जागी पडतात. संध्याकाळी किंवा सकाळी, जोराचा पाऊस नसताना. जागा निवडताना मात्र डोकं लावा: गायरान, पडीक रान, रेल्वेलाइनची कडा, ओढ्याकाठ, अशी जागा जिथे निदान दोन वर्षं कुणी नांगर घालणार नाही. याचं कारण अळी मोठी झाली की जमिनीत उतरून कोष करते, आणि पावसाळा सरल्यावर भुंगेही मातीतच शिरून झोपतात ते थेट पुढच्या जूनच्या पावसात वर येतात. नांगरट, कोळपणी झाली की ही सगळी पिढी संपली. म्हणून चालू पिकाच्या शेतात भुंगे सोडून काही उपयोग नाही, तिथे खुरपणीच करा.

सोडल्यावर सगळ्यात अवघड काम म्हणजे त्या पट्ट्याला हात न लावणं. तिथलं गवत कापायचं नाही, तणनाशक मारायचं नाही, शेजारच्या शेतातली कीटकनाशकाची फवारणी वाऱ्याने तिकडे जाणार नाही हे बघायचं. ग्रामपंचायतीला आणि गुराख्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी चांगल्या मनाने सगळं कापून टाकतं.

अंडी चार-सहा दिवसांत उबतात, अळी दहा-पंधरा दिवस खाते, मग कोष, असं महिन्याभरात नवा भुंगा तयार. त्यामुळे पहिल्या वर्षी फार तर एक छोटा पट्टा साफ दिसेल, त्यावरून काम झालं नाही असं ठरवू नका. संख्या वाढायला दोन-तीन पावसाळे लागतात. लवकर वाढवायची असेल तर जूनच्या शेवटी गाजरगवताच्या दाट झुडपावर जुनी मच्छरदाणी चार काठ्यांवर ताणून लावा, कडा मातीने दाबा आणि आत भुंगे सोडा. आत पक्षी, कोळी शिरत नाहीत. महिन्याभराने मच्छरदाणी उघडली की शेकडो भुंगे मिळतात, ते दुसरीकडे न्या.

सूर्यफुलाबद्दल लोक हमखास विचारतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हा भुंगा सूर्यफुलाची पानं खाताना दिसला आणि मोठा गदारोळ झाला, सरकारने समिती नेमली, अभ्यास झाला. गाजरगवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले, त्यामुळे भुंगा कधी कधी पान कुरतडतो, विशेषतः गाजरगवताचे परागकण त्या पानावर पडले असतील तर, पण त्या पिकावर त्याची वाढ टिकत नाही आणि शेवटी तो सुरक्षितच ठरला. तरी माझं मत, सूर्यफुलाच्या बांधाला लागून सोडू नका, उगाच भांडण नको.

आणि भुंगा सगळं करेल ही अपेक्षा ठेवू नका. हिवाळ्यात भुंगे झोपलेले असतात पण पाटाच्या, ड्रिपच्या ओलीवर गाजरगवत बारा महिने येत राहतं. ते फुलायच्या आत मुळासकट उपटायचं, ओल असताना सहज निघतं, आणि बी नसलेलंच कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचं. भुंग्यांनी मोकळ्या केलेल्या जागी पावसाच्या तोंडावर टाकळ्याचं म्हणजे तरोट्याचं बी फेका, तो दाट उगवतो आणि खाली गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही. टाकळ्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेंगा वाळल्या की रस्त्याकडेला फुकट मिळतं, तेव्हाच पोतंभर जमवून कोरड्या जागी ठेवा.