रेनेसाँतल्या (युरोपच्या प्रबोधनकाळातल्या) मठवाशाचं पोर्ट्रेट बघताना या चुका टाळा

पेट्रस क्रिस्टस या चित्रकाराने १४४६ मध्ये रंगवलेलं एका कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या) मठवाशाचं पोर्ट्रेट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, जेमतेम ए-फोर कागदाएवढं, आणि मला विचाराल तर अशी चित्रं वाचायला शिकायची असतील तर सुरुवात यावरूनच करा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डोक्यामागे वलय दिसलं की लगेच "हे कोणीतरी संत" म्हणून मोकळं होणं. जुन्या फोटोंमध्ये या माणसाच्या डोक्यामागे सोनेरी वलय दिसतं, त्यामुळे काहींना तो पंथाचा संस्थापक सेंट ब्रूनो वाटायचा. पण ते वलय नंतर कोणीतरी चढवलेलं निघालं आणि १९९२ मध्ये ते काढून टाकलं, म्हणून समोरचा फोटो कधीचा आहे ते आधी बघाच. वलय गेल्यावर उरतो तो पांढरा झगा, दाढी आहे पण ओठावर मिशी नाही, आणि थेट आपल्याकडे बघणारे डोळे. दाढीवरून तो पाद्री नसून मठातली कामं करणारा बंधू असावा असं मानतात. संतापेक्षा हा माणूस मला कितीतरी जास्त जवळचा वाटतो!

पण दाढी दिसली की वैराग्य, असंही करू नका हं. इटालियन चित्रकार राफाएलच्या चित्रातल्या पोप ज्युलियस दुसऱ्याने दाढी ठेवली ती बोलोन्या शहर हातचं गेल्यावर, आणि १५१२ मध्ये ती उतरवलीही, म्हणून तर चित्राचा काळ इतका नेमका ठरवता येतो.

इटालियन चित्रकार बेलिनीचं १५१५ चं चित्र बघा, हातात लिली, पुस्तक, म्हणजे सेंट डॉमिनिक (डोमिनिकन पंथाचा संस्थापक) ना? खाली मात्र उर्बिनोच्या फ्रा (म्हणजे बंधू) तेओदोरोचं नाव लिहिलंय, तोच संताच्या रूपात बसलाय. लिहिलेलं वाचायचा कंटाळा केला की इथे हमखास फसायला होतं.

आता परत कार्थुसियनकडे. खालच्या रंगवलेल्या कठड्यावर, चित्रकाराच्या नावाच्या वरच, एक माशी बसलीये. माशी म्हणजे मृत्यू, हा अर्थ बरेच जण लावतात आणि तो चूक नाही, पण तिथेच थांबू नका, कारण ती मठवाशाच्या खोलीत नाही, आपल्या बाजूला, कठड्याच्या काठावर आहे, हाकलायला हात पुढे व्हावा इतकी खरी, आणि ही चित्रकाराची कमाल आहे. चित्र फुल स्क्रीन करा, आधी माशी नीट बघा, मग डोळे वर न्या.