वादन आणि शिकवणी : व्हायोलिनवादकाने दोन्हींचा मेळ कसा घालावा

पाश्चात्त्य अभिजात व्हायोलिन वाजवणाऱ्यांत निव्वळ मैफलींच्या बिदागीवर निभावणारे थोडेच असतात. बहुतेकांचा संसार शिकवणीच चालवते. अडचण अशी की, विद्यार्थ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात आणि स्वतःच्या सरावाची वेळ ठरलेली नसते, त्यामुळे घाईच्या दिवशी पहिली कात्री सरावालाच लागते. म्हणून आठवड्याचे वेळापत्रक आखताना सरावाची वेळ आधी लिहावी, तीही शक्य तो सकाळची, कारण दिवसभर शिकवून झाल्यावर कान आणि खांदे दोन्ही थकलेले असतात. उरलेल्या वेळात मावतील तेवढेच विद्यार्थी घ्यावेत.

सरावात स्केल (स्वरांची चढती-उतरती ओळ) आणि क्रॉयट्झरचे एट्यूड (तंत्र पक्के करणाऱ्या सरावाच्या रचना) चुकवू नयेत. वाद्यवृंदात जागा मिळवायची असेल, तर मोझार्टच्या तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचा (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना; तिन्ही १७७५ मधील) पहिला भाग आणि रिचर्ड श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’ या वाद्यवृंदासाठीच्या रचनेचे पहिले पान कायम तयार ठेवावे, ऑडिशनमध्ये हे बहुधा मागितले जाते. अनेक ठिकाणी पहिल्या फेरीत वादक पडद्याआड असतो आणि परीक्षकांपर्यंत फक्त ध्वनी पोहोचतो, म्हणून आपले वादन ध्वनिमुद्रित करून, वाद्य खाली ठेवून ऐकावे. वाजवताना न जाणवलेली लयीतली घाई तेव्हा लगेच पकडली जाते.

शिकवणे हे दुय्यम दर्जाचे काम आहे, असे मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. थोर व्हायोलिनवादक लिओपोल्ड आउअर १८६८ पासून सेंट पीटर्सबर्गच्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीत महाविद्यालयात) शिकवत होते, तेथील बॅलेंमधील एकल व्हायोलिनही वाजवत होते, आणि विख्यात व्हायोलिनवादक हायफेट्झ त्यांच्याच हाताखाली तयार झाले. नवशिक्याला शिकवताना आपण नकळत करत असलेली गोष्ट शब्दांत मांडावी लागते, आणि त्याचा लाभ आपल्या वादनालाही होतो.

सुराचेच पाहू. विद्यार्थ्याने ‘ए’ तारेवर तिसऱ्या बोटाने ‘डी’ हा स्वर धरला की ‘थोडे वर, थोडे खाली’ असे सांगत बसू नये. त्याला शेजारच्या मोकळ्या (बोट न ठेवलेल्या) ‘डी’ तारेकडे पाहायला सांगावे. स्वर नेमका लागला की ती तार गजाचा स्पर्श नसतानाही थरथरते आणि वाद्याचा आवाज खुलतो. बोट केसभर सरकले की थरथर मंदावते. एकदा हे उमगले की विद्यार्थी घरीही आपला सूर स्वतः तपासू लागतो. त्याच्या हातातले वाद्य काढून स्वतः वाजवून दाखवण्याचा मोह मात्र आवरावा. त्याने तास रंगतो, पण विद्यार्थ्याचा हात तयार होत नाही.

व्यवहार आरंभीच लेखी ठरवावा : शुल्क आगाऊ घ्यावे, ऐनवेळी रद्द झालेल्या तासाचे काय करायचे ते सांगावे, आणि कार्यक्रमांच्या तारखा हाती येताच पालकांना कळवाव्यात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एकही तास ठेवू नये. बुडालेले तास पुढच्या महिन्यात भरून द्यावेत आणि त्यांच्या तारखा त्याच निरोपात लिहाव्यात.